शरीराचा हक्क : राहून गेलेल्या जेवणाचा इतिहास

रोज्याच्या मसल्यांमध्ये ‘विसरणं’ या शब्दाला मोठी जागा आहे. रोजा असल्याचं विसरून कुणी काही खाल्लं किंवा प्यायलं तर त्याचा रोजा मोडत नाही. आठवण येताच हात थांबवावा आणि रोजा पुरा करावा, तो घास अल्लाहनेच भरवला असं समजावं, अशा अर्थाची हदीस आहे. लहान मुलांना हा मसला फार आवडतो. याच्या उलट बाजूचा विचार मात्र आपल्याकडे फारसा होत नाही. रोजा नसताना, घरात अन्न असताना जेवायचंच राहून जातं, त्याचं काय?

‘आज कामाच्या नादात जेवायचंच विसरलो’ हे वाक्य आपण सहज बोलतो. त्यात थोडा अभिमानही असतो. अशा विसरण्याला प्रतिष्ठाही आहे. न्यूटन कामात इतका गढलेला असायचा की पुष्कळदा जेवणच विसरायचा, असं त्याच्या लेखनिकाने पुढे आठवणीत लिहून ठेवलं आहे. पण न्यूटनचं जेवण कुणीतरी रांधून ठेवलेलं होतं, ते फक्त त्याच्या लक्षात नव्हतं. जगातली बहुतेक जेवणं अशी चुकत नाहीत. कुणी थकून झोपतं, कुणाला वेळ मिळत नाही, कुणाच्या वाट्याला उरत नाही, कुणाला सरकार मोजून देतं आणि ते पुरत नाही. बाहेरची कारणं वेगळी असली तरी आत शरीर एकच हिशेब मांडतं.

तो हिशेब माणसाला कसा कळत गेला आणि कळल्यावर कायद्याने त्याचं काय केलं, हा या लेखाचा विषय आहे.

मदिनेतील एक दुपार

रमजानचे रोजे हिजरी २, म्हणजे इ.स. ६२४ मध्ये फर्ज झाले. आज आपण ज्या पद्धतीने रोजा धरतो, ती पद्धत पहिल्याच दिवसापासून तशी नव्हती. सुरुवातीच्या काळात सूर्यास्तानंतर खाण्यापिण्याची मुभा असे, पण एकदा का माणूस झोपी गेला की ती मुभा संपायची. मग रात्री जाग आली तरी खाता येत नसे; थेट दुसऱ्या दिवशीच्या सूर्यास्तापर्यंत थांबावं लागे.

त्या काळची एक घटना बराअ बिन आजिब (रजि.) यांच्या हवाल्याने ‘सहीह बुखारी’मध्ये आली आहे. कैस बिन सिरमा अन्सारी (रजि.) हे कष्टकरी सहाबी. रोजा धरून दिवसभर राबले आणि इफ्तारच्या वेळी घरी आले. पत्नीला विचारलं, काही खायला आहे का? घरात काही नव्हतं. मी कुठून तरी पाहून आणते, असं म्हणून ती बाहेर गेली. ती परत येईपर्यंत थकलेल्या कैस यांचा डोळा लागला होता. तिने ते पाहिलं आणि हळहळली, कारण आता खाता येणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तसाच रोजा चालू ठेवला आणि दुपारी ते बेशुद्ध पडले.

ही हकिकत पैगंबरांच्या (सल्ल.) कानी गेली. त्यानंतर सूरह बकराची १८७ वी आयत उतरली आणि रोज्याच्या रात्री पहाट फुटेपर्यंत खाण्यापिण्याची मुभा सर्वांना मिळाली. आपली सहेरी आज जिथे उभी आहे, तिच्या मागे एका श्रमिकाचं हे राहून गेलेलं जेवण आहे.

साधी बेरीज करून पाहू. कैस यांचं शेवटचं जेवण आदल्या दिवशीच्या संध्याकाळी झालं असेल असं धरलं, तर बेशुद्ध पडेपर्यंत जवळजवळ चाळीस तास गेले होते. त्यात एक पूर्ण दिवस अंगमेहनतीचा आणि पाण्याचा थेंबही नाही. ईमान कमी पडलं, इच्छाशक्ती कमी पडली, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. नियम सैल झाला, माणूस दोषी ठरला नाही.

याच दिशेने जाणारे आणखी पुष्कळ आदेश आहेत. सहेरी खाण्यात बरकत आहे, इफ्तारला उशीर करू नये, मध्ये काहीच न खाता एका रोज्याला दुसरा रोजा जोडू नये. आजारी आणि प्रवासी यांना सवलत आहे. गरोदर आणि अंगावर दूध पाजणाऱ्या स्त्रियांनाही ती आहे. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) रोज रोजा आणि रात्रभर नमाज असा क्रम चालवत होते, तेव्हा तुझ्या शरीराचाही तुझ्यावर हक्क आहे, अशी समज त्यांना दिली गेली. ‘हक्क’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. आईबापांचा, बायकोचा, शेजाऱ्याचा असतो तसा शरीराचाही हक्क. तो बुडवला तर ते देणं शिल्लक राहतं.

इब्न खल्दून यांचं निरीक्षण

सातशे वर्षांनंतर इतिहासकार इब्न खल्दून यांनी भुकेचा प्रश्न वेगळ्या अंगाने हाताळला. १३७७ साली पूर्ण झालेल्या ‘मुकद्दिमा’मध्ये त्यांनी अन्नाची सुबत्ता आणि टंचाई यांचा माणसाच्या शरीरावर व स्वभावावर काय परिणाम होतो, याची चर्चा केली आहे. दूध आणि थोडक्या धान्यावर राहणारे वाळवंटातले लोक सुपीक प्रदेशातल्या लोकांपेक्षा काटक आणि तल्लख असतात, असं त्यांचं म्हणणं. दुष्काळात जे मरतात त्यांना आताची भूक मारत नाही, आधीची भरल्या पोटाची सवय मारते, असाही निष्कर्ष त्यांनी काढला. हळूहळू सवय केली तर भूक माणसाला सहन होते, हे सांगताना त्यांनी एक उदाहरण दिलं आहे. मरिनी सुलतान अबुल हसन यांच्या दरबारात अंदलुसमधल्या दोन स्त्रिया आणल्या होत्या. त्यांनी वर्षानुवर्षं अन्न सोडलं होतं, असं आपल्या उस्तादांनी पाहिल्याचं ते लिहितात.

इब्न खल्दून हे आपल्या अभिमानाचे विषय आहेत आणि राहतील. समाज कसा घडतो आणि मोडतो याचा कार्यकारणभाव शोधणारी त्यांची नजर आजही थक्क करते. अन्नाचा संबंध समाजाच्या घडणीशी जोडणं, हेही त्या काळात मोठंच काम होतं. पण भुकेच्या सवयीबद्दल ते म्हणतात ते अर्धंच खरं आहे. भुकेची जाणीव सवयीने बदलते. शरीराची गरज सवयीने नाहीशी होत नाही. उपासमारीत आधी कोसळतो तो अंगावर चरबी नसलेला माणूस. वर्षानुवर्षं अन्नावाचून जगणं तर कुणालाच शक्य नाही. दरबारात जे दाखवलं गेलं त्याला मोजमाप नव्हतं. भुकेचं मोजमाप सुरू व्हायला आणखी पाच शतकं लागली.

यकृतातलं कोठार

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या विद्वानांचा समज होता की साखर फक्त वनस्पती तयार करू शकतात, प्राणी ती खाऊन संपवतात. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने कुत्र्यांना फक्त मांस खाऊ घातलं, तरी यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात त्याला साखर सापडली. १८४८ मध्ये त्याने हे जाहीर केलं. पुढे १८५५ मध्ये त्याने एका ताज्या यकृतातून पाणी खेळवून साखर पूर्ण धुऊन काढली आणि ते तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्यात पुन्हा साखर! म्हणजे यकृतात काहीतरी साठा होता आणि त्यातून साखर बनत होती. तो साठा १८५७ मध्ये त्याने वेगळा काढला आणि त्याला ग्लायकोजेन हे नाव दिलं.

बोकडाच्या बाबतीत आपण ज्याला कलेजी म्हणतो, तो अवयव म्हणजे शरीराचं धान्याचं कोठार आहे, हे तेव्हा कळलं. मोठ्या माणसाच्या यकृतात साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन असतं. स्नायूंत त्याहून जास्त असतं, पण स्नायू आपला साठा स्वतःसाठीच वापरतात, रक्ताला देत नाहीत. दुसरीकडे मेंदू आहे. वजनाने शरीराच्या अवघा दोन टक्के, पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो एकटा खातो आणि नेहमीच्या दिवशी ती जवळजवळ सगळी साखरेतून घेतो.

एक जेवण चुकलं की काय होतं, ते यावरून समजतं. आधीच्या जेवणाची साखर चार-पाच तासांत वापरून होते. मग रक्तातलं इन्सुलिन उतरतं, ग्लुकॅगॉन वाढतं आणि यकृत कोठार उघडतं. इथवर बहुतेकांना काही जाणवतही नाही. साखर आणखी खाली येऊ लागली की ॲड्रेनलिन मदतीला येतं. छातीत धडधड, हाताला कंप, घाम, डोकं दुखणं, विनाकारण चिडचिड, ही सारी त्याच वेळची लक्षणं. एका दिवसात कोठार जवळपास रिकामं होतं. त्याच्या आधीपासूनच यकृत स्नायूंमधली प्रथिनं मोडून त्यांची साखर बनवायला लागलेलं असतं. चरबी जळून तयार होणारे कीटोन दोन-तीन दिवसांत मेंदूच्या मदतीला येतात, तेव्हा स्नायूंची मोडतोड कमी होते. कैस बिन सिरमा यांच्या चाळीस तासांचा अर्थ असा होता. कोठार संपलेलं, चरबीची सोय अजून पुरती लागलेली नाही, श्रमाने स्नायूंचा साठाही गेलेला आणि त्यात पाणी नाही.

मग इतकं सगळं आत चालू असताना माणूस जेवण विसरतो कसा? त्याचंही उत्तर हळूहळू मिळालं. १९१२ साली अमेरिकेतल्या हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन यांच्या प्रयोगात त्यांचा सहकारी वॉशबर्न याने एक फुगा गिळला. फुग्याची नळी नोंद करणाऱ्या यंत्राला जोडली होती. पोटात भुकेची कळ उठे तेव्हाच जठराचं आकुंचन नोंदलं जात होतं आणि थोड्या वेळाने दोन्ही थांबत होतं. १९९९ मध्ये कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांनी जठरातून निघणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक शोधलं. हे घ्रेलिन आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेच्या सुमारास वाढतं आणि खाल्लं नाही तरीही काही वेळाने उतरतं.

मराठीत आपण म्हणतो, ‘आता भूक मेली.’ ती मेलेली नसते, हाक मारून परत गेलेली असते. हाक थांबते, खर्च थांबत नाही. जेवण विसरणाऱ्याची फसगत इथेच होते. त्याला वाटतं, आपल्याला भूकच नाही. ज्यांना रोज वेळेवर जेवता येत नाही त्यांच्याबद्दल इतरांनाही असंच वाटू लागतं. यांना सवय आहे, यांचं भागतं, असं म्हणून लोक मोकळे होतात. या ‘भागतं’ने आपल्याच मुलखात लाखो माणसं मारली.

एक पौंड धान्य

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर मोठा दुष्काळ पडला. मुंबई इलाख्यातले सोलापूर, अहमदनगर, सातारा, पुणे हे जिल्हे, निजामाचं राज्य, म्हैसूर आणि मद्रास इलाखा, सगळीकडे पीक बुडालं. सरकारने दुष्काळी कामं काढली. खडी फोडायची, रस्ते बांधायचे, तलाव खणायचे आणि मजुरी घ्यायची.

जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी सर रिचर्ड टेम्पल यांना दुष्काळी प्रदेशात पाठवलं. टेम्पल यांची मागची कहाणी इथे लक्षात घ्यायला हवी. १८७३-७४ च्या बिहारच्या दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून भरपूर तांदूळ आणून लोकांना जगवलं होतं. मृत्यू फार थोडे झाले, पण खर्च फार केला म्हणून त्यांच्यावर टीका झाली. दख्खनला येताना ते काटकसरीचा निश्चय करून आले. काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, असा दर त्यांनी ठरवला. एवढ्यात जगता येतं, असा त्यांचा दावा होता. इतिहासात हा दर ‘टेम्पल वेतन’ म्हणून ओळखला जातो.

मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. विल्यम कॉर्निश यांनी याला उघड विरोध केला. अंगमेहनत करणाऱ्याला किमान दीड पौंड धान्य आणि सोबत डाळ व भाजी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. मुंबई इलाख्यात तर मजुरांनीच उत्तर दिलं. हजारो लोक या कामांवरून उठून गेले. उपाशी माणसांनी केलेला हा संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे पत्रांवर पत्रं धाडली. महात्मा फुले यांनी धनकवडीला दुष्काळपीडित मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम काढला. मद्रास सरकारने काही महिन्यांत माघार घेऊन सव्वा पौंड धान्य आणि थोडी डाळ असा दर केला. टेम्पल मात्र त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले. या दुष्काळात एकट्या ब्रिटिश अमलाखालच्या प्रदेशात सुमारे ५५ लाख माणसं गेली, असा अंदाज सांगितला जातो. कितीतरी जण तापाने, जुलाबाने, पटकीने गेले असतील. पण रोगाला दार उघडून देण्याचं काम भुकेनेच केलं होतं.

टेम्पल आणि कॉर्निश यांच्या वादात दोन्ही बाजूंकडे आजच्यासारखं मोजमाप नव्हतं. एक पौंड पुरतो की नाही, याचं उत्तर अडुसष्ट वर्षांनी मिळालं, तेही सातासमुद्रापार.

मिनेसोटाचे छत्तीस

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हा प्रश्न समोर होता. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज या शास्त्रज्ञाने नोव्हेंबर १९४४ मध्ये एक प्रयोग सुरू केला. शस्त्र हाती घ्यायला धार्मिक किंवा नैतिक कारणाने नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण त्यासाठी स्वखुशीने पुढे आले. पहिले तीन महिने त्यांना पोटभर, रोज सुमारे ३,२०० कॅलरीचं अन्न दिलं गेलं. पुढचे सहा महिने ते जवळपास निम्म्यावर आणलं गेलं, रोज सुमारे १,५७० कॅलरी. जेवण दोन वेळा. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला २२ मैल चालायचं.

सहा महिन्यांत त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं. नाडी मंदावली, अंगावर सूज आली, केस गळू लागले, ऐन उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजू लागली. मन तर पार बदललं. हसणं-बोलणं कमी झालं, मैत्रीत रस उरला नाही, लहानसहान गोष्टींवरून भांडणं होऊ लागली. दिवसभर डोक्यात फक्त अन्न. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताट चाटून पुसून स्वच्छ करायचे. बुद्धिमत्तेच्या चाचण्यांत त्यांचे गुण मात्र घसरले नाहीत. लक्ष लागत नाही, अशी तक्रार सगळ्यांची होती. पुन्हा पोटभर खायला मिळू लागल्यावरही शरीर आणि मन ठिकाणावर यायला महिनोन् महिने लागले. या साऱ्याची नोंद १९५० साली दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध झाली.

आता १८७७ कडे परत या. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारी, बाजरी किंवा तांदळात साधारण ३५० कॅलरी असतात. म्हणजे टेम्पल यांच्या एका पौंडातून मिळत होत्या सुमारे १,६०० कॅलरी. मिनेसोटाच्या धडधाकट तरुणांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली ज्या अन्नाने सहा महिन्यांत हाडांचा सापळा केलं, जवळजवळ तेवढंच अन्न सोलापूर-नगरच्या आधीच खंगलेल्या मजुराला खडी फोडण्यासाठी दिलं जात होतं. वरच्या एका आण्यात, भाव कडाडलेले असताना, मीठ-मिरची-डाळ किती येणार? जड कष्ट करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३,००० हून अधिक कॅलरी लागतात. कामावरून उठून गेलेल्या माणसांनी पोषणशास्त्राचं पुस्तक पाहिलं नव्हतं. त्यांचं शरीर त्यांना सांगत होतं आणि ते बरोबर सांगत होतं.

मदिनेत एक श्रमिक कोसळला, तेव्हा नियम बदलला. दख्खनमध्ये लाखो कोसळले आणि सरकार पौंड मोजत राहिलं. दुष्काळात काय करावं याचे कायदेशीर संकेत ठरायला १८८० नंतरची वर्षं उजाडली.

तीनशे उष्मांक

स्वतंत्र भारतात शरीराचा हा हक्क कायद्याच्या भाषेत आला तो शाळेच्या ताटातून. मद्रास राज्यात कामराज यांनी १९५६ मध्ये शाळेतलं दुपारचं जेवण राज्यभर नेलं. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशव्यापी योजना सुरू झाली, पण कितीतरी राज्यांत ती कोरडं धान्य वाटण्यापुरतीच राहिली. २००१ साली राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामं धान्याने भरलेली होती. त्यावरून सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात न्यायालयाने सांगितलं की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला शिजवलेलं जेवण द्यावं. त्यात किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं असावीत आणि ते वर्षातले किमान २०० दिवस मिळावं. पुढे हे प्रमाण वाढत प्राथमिकसाठी ४५० आणि उच्च प्राथमिकसाठी ७०० उष्मांकांवर गेलं. शासनाने प्रजेच्या पोटाचा हिशेब मांडण्याची ही दुसरी तऱ्हा होती. टेम्पल यांनी खजिन्यापासून सुरुवात केली होती, न्यायालयाने मुलाच्या शरीरापासून केली.

शिक्षक म्हणून मला या ३०० उष्मांकांची किंमत रोज दिसते. परिपाठाच्या वेळी चक्कर येणारी मुलं बहुधा सकाळी काही न खाता आलेली असतात. यात शास्त्रही आहे. मुलाचं यकृत लहान आणि शरीराच्या मानाने मेंदू मोठा. म्हणजे कोठार छोटं आणि खाणारा मोठा. रात्रीच्या जेवणानंतर बारा-चौदा तास काही नाही, मग पहिल्या दोन तासिकांना ते मूल फळ्याकडे बघतं, पण त्याचं लक्ष नसतं. अशा मुलाला ‘ढ’ म्हणण्याआधी ‘काय खाऊन आलास?’ असं विचारावं, एवढं तरी मिनेसोटाच्या छत्तीस जणांनी आपल्याला शिकवलं आहे.

निरोगी मोठ्या माणसाचं एखादं जेवण चुकलं तर काही बिघडत नाही, त्याचं कोठार त्यासाठीच आहे. पण सगळ्यांची शरीरं सारखी नसतात. १९२२ पासून इन्सुलिन आणि त्यानंतर काही दशकांनी आलेल्या गोळ्या यांनी मधुमेहींचं आयुष्य वाढवलं. यातली काही औषधं जेवण होणार असं धरूनच साखर खाली आणतात. औषध घेतलं आणि जेवण राहून गेलं, तर साखर धोक्याच्या खाली जाते. घाम फुटतो, बोलणं अडखळतं, माणूस बेशुद्धही पडू शकतो. आपल्या मोहल्ल्यांत साखरेचे रुग्ण घरोघरी आहेत आणि रमजानमध्ये डॉक्टरांना न विचारता रोजे धरणारेही कमी नाहीत. ज्या दीनने आजाऱ्याला सवलत दिली, त्याच दीनच्या नावाने ती सवलत नाकारणं म्हणजे कैस यांच्या त्या दुपारचा अर्थच न समजणं.

आणि सर्वांत जास्त जेवणं राहून जातात ती आपल्या घरातल्या बायकांची. सगळ्यांचं झाल्यावर बसायचं, उरलं तर खायचं, नाही उरलं तर चहावर भागवायचं. विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘भूकच नव्हती’, ‘लक्षातच राहिलं नाही’. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. याला इतरही कारणं आहेत, पण ताटात शेवटी काय उरतं, हे त्यातलं एक नक्कीच आहे.

सहेरीच्या वेळचं घर डोळ्यांसमोर आणा. तीनला उठते ती आई किंवा सून. ती पोळ्या लाटते, दूध तापवते, मुलांना हाका मारून उठवते, सासऱ्यांची औषधं काढून ठेवते. सगळे जेवतात आणि तिचा घास तोंडाजवळ जातो तोच फजरची अजान होते. दोन घोट पाण्यावर तिचा रोजा सुरू होतो आणि संध्याकाळी इफ्तारचा सरंजामही तीच मांडते. पहाटेपर्यंत खाण्याची जी मुभा कैस यांच्या निमित्ताने मिळाली, ती घरातल्या सर्वांसाठी होती. तिच्यापर्यंत ती पोहोचत नसेल, तर अडवणारा मसला किताबातला नाही, आपल्या दस्तरखानावरचा आहे. तो सोडवायला कोणत्याही मुफ्तींची गरज नाही. पंधरा मिनिटं लवकर उठावं, दोन पोळ्या आपण लाटाव्यात आणि पहिलं ताट तिच्यासमोर ठेवावं.